डोळा तिकडचा, खुंट इकडचा

राऊत सरांना मी चांगलं दीड वर्ष अडाणी समजत होते. मी एकटीच नाही, आमच्या क्लासचा शिपाईसुद्धा त्यांना अडाणी समजायचा. पण शिपायाकडून कोणी पत्र लिहून घेतलं नाही, ते माझ्याकडून घेतलं. त्या पत्राची गोष्ट पुढे येईलच, टाळून टळणारी नाही ती.

अमरावतीत राजापेठेच्या बाजूला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर आमचा परदेशी भाषांचा क्लास होता. नाव इंग्रजी आणि एवढं लांब, की फलकावर मावेना म्हणून शेवटचे दोन शब्द जिन्यापाशी वेगळ्या पाटीवर रंगवलेले. चालक गावंडे सर. या माणसाला एकही परदेशी भाषा येत नव्हती, आणि त्यात मी इंग्रजीही धरते. पण टाय होता. मे महिन्यात, कावळे झाडावरून पडतात अशा उन्हात, गळ्यात टाय आवळून हा माणूस पालकांना सांगायचा, "स्पॅनिश इज द फ्यूचर, सर." आणि पालक माना डोलवायचे. कोणाचा फ्यूचर, कशाचा फ्यूचर, कोणी विचारलं नाही.

पालकांचं तर काय सांगावं! प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना होता, मातृभाषा. वीसपैकी चौदा जणांनी तिथे लिहिलं होतं, 'इंग्लिश'. बाप बडनेऱ्याला हार्डवेअरच्या दुकानात बसतो, आई जिन्यात उभी राहून फोनवर "काहून वं, भाजीवाली आली नाई का आज?" म्हणून ओरडते, आणि मुलीची मातृभाषा इंग्लिश! ही मुलगी म्हणजे अन्विता. हुशार होती, डोळे उघडे ठेवून बसायची. पण घरी वऱ्हाडी बोललं की आई दंड करायची, त्या दिवशी टीव्ही बंद. आई दंड सुनवायची तोही वऱ्हाडीतच.

मी तिथे इंग्रजी शिकवायची. मी अकोल्याची, म्हणजे दुसऱ्याला हसायचा मला काडीचा अधिकार नाही. एम.ए.साठी दोन वर्षं पुण्यात होते. मेसमध्ये पहिल्याच दिवशी "मले भाकर द्या" म्हटलं आणि टेबलावरच्या चार पोरी ताटावरून उठून हसल्या. त्या दिवसापासून मी वऱ्हाडी बंद केली. आईशीसुद्धा "मला" म्हणायला लागले. आई म्हणायची, "पावनी आली वाटते घरी."

तर अशा या इंग्रजांच्या वस्तीत राऊत सर आले. साठीला टेकलेले, काळेसावळे, पायात चपला, शर्टाच्या खिशात पेन नाही, मिटलेला चाकू. कलमं बांधायचा चाकू. गाव अंजनगाव सुर्जी, घरची संत्र्याच्या कलमांची नर्सरी, माळ्याचं घर. तरुणपणी कोणत्या तरी ओळखीनं स्पेनला गेले, व्हॅलेन्सियाकडे. तिकडेही मैलोन्‌मैल संत्र्याच्या बागा. तिथल्या नर्सरीत अकरा वर्षं कलमं बांधली आणि बांधता बांधता भाषा उचलली. कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही. इंग्रजी येत नाही म्हटलं तरी चालेल. वडील गेल्यावर परत आले आणि पुन्हा कलमं बांधायला बसले. गावंडेंना ते कुठून सापडले देव जाणे. स्वस्तात सापडले एवढं नक्की.

वर्गात आले की "गुड मॉर्निंग" नाही. "जेवले का?" संध्याकाळी पाच वाजता, "जेवले का?" मुलं एकमेकांकडे बघून हसायची. मी शेजारच्या खोलीत, मधे नुसतं प्लायवूड, सगळं ऐकू यायचं. मीही हसायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी अन्विताला विचारलं, भूक लागली हे स्पॅनिशमध्ये कसं सांगशील. ती घरून अ‍ॅपवर शिकून आलेली. उभी राहून ऐटीत म्हणाली, "यो सोय आम्ब्रे." आय अ‍ॅम हंग्री, शब्दाला शब्द.

"तू भूक हायेस?" राऊत सर म्हणाले. "सोय म्हंजे मी हाय. आम्ब्रे म्हंजे भूक. तू सोता भूक हायेस का वं? मंग तुले कोन खाईन?"

वर्ग खिदळला. अन्विता लाल झाली. ते म्हणाले, "इंग्रजीतून काहून येतं पोरी? घरी मायले काय म्हनतं?"

"मॉम, आय अ‍ॅम..."

"खरं सांग."

ती पुटपुटली, "मले भूक लागली."

"हां! भूक तुले लागली, म्हंजे तुह्यापाशी हाय. तेन्गो आम्ब्रे. माह्यापाशी भूक हाय. हे तुले मायच्या दुधापासून येते, आन् तू ते सोडून दुसऱ्याच्या घरून उसनं आनून राहिली."

त्यांची रीत हीच. कोणतंही वाक्य आधी घरच्या बोलीत म्हणायचं, मग स्पॅनिशमध्ये. इंग्रजी मधे आणायचं नाही. मे गुस्ता कसं शिकवायचे? "मी आवडतो संत्रा, असं म्हनतं का कोनी? मले संत्रा आवडते. मे गुस्ता. त्याले आवडते, ले गुस्ता. 'ले' पाह्य, आपलाच 'ले' हाय, सातासमुद्रापलीकडं जाऊन बसला." मी खाऊन राहिलो, एस्तोय कोमिएन्दो, जसंच्या तसं. इंग्रजी माध्यमाची ती पोरं जिथे पुस्तकं फोडून थकायची, तिथे आज्जीच्या बोलीतलं एक वाक्य आठवलं की गाडी चालायला लागायची. वडीलधाऱ्यांशी स्पॅनिशमध्ये वेगळं बोलतात हे त्यांच्या डोक्यात शिरेना, कारण इंग्रजीत सगळ्यांना 'यू'. राऊत सर म्हणाले, "इंग्रजीत बापाले बी यू आन् कुत्र्याले बी यू. आपल्यात तसं चालते का? तू येगळा, तुमी येगळे. बस, तेच."

आणि मग खिशातला चाकू काढून टेबलावर ठेवायचे. "डोया बांधनं पाह्यलं का कोनी? संत्र्याचं झाड बीपासून करत नाई. जंबेरीचा खुंट असते, गावठी लिंबू, काटेरी, आंबट. त्याच्या सालीत चीर द्याची, त्यात संत्र्याचा डोया, म्हंजे कोंब, बसवाचा, पट्टी बांधाची. खुंट जित्ता पाह्यजे. स्पॅनिश डोया हाय. खुंट तुमची घरची बोली. इंग्रजीचा खुंट तुमच्यापाशी हायच कुठं? वाळल्या काडीवर डोया बांधून राहिले तुमी लोक."

प्लायवूडच्या अलीकडे मी मुलांना प्रेझेंट परफेक्ट शिकवत होते. वाळली काडी म्हणजे मीच की. मला झोंबलं ते.

शनिवारी आम्हा दोघांना अकोल्याच्या शाखेत जावं लागायचं. शाखा म्हणजे काय, टिळक रोडकडच्या एका शाळेतले दोन वर्ग, शनिवारपुरते. मूर्तिजापूरमार्गे एस.टी. राऊत सर खिडकीशी बसायचे आणि मूर्तिजापूरला आलूबोंडे घ्यायचे, एक स्वतःला, एक मला, न विचारता. मी इंग्रजी मासिक उघडून बसायची म्हणजे बोलणं नको. ते बोलायचेच. एकदा म्हणाले, "मॅडम, माह्या तिथं एक दोस्त होता. पाको. नर्सरीचा मुकादम. मी परत आलो तरी दर इतवारी फोन कराचा. वीस वरसं. तासभर गोठी. मांगच्या साली गेला तो."

मी म्हटलं, "अरेरे."

"आता त्या भाषेत बोलाले मले कोनीच नाई. अकरा वरसं ज्या भाषेत जेवलो, भांडलो, रडलो, ते तोंडातून चालली. परवा 'कुदळ' आठवेना. दोन दिवस आठवेना. म्हनून हा क्लास धरला. पगार काय, तो गावंडे देते न देते. पोट्टे चुकीचं का होईना, पन बोलते. कानाले बरं वाटते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "क्लास गेला का ते भाषा बी गेली समजा."

मी मासिकाचं पान उलटलं. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं, एवढं ध्यानात ठेवा.

अन्वितानंच एकदा प्रश्न काढला होता. स्पॅनिशमध्ये 'असणं' याला दोन क्रियापदं. पुस्तकात लिहिलेलं, कायमचं असेल तर 'सेर', तात्पुरतं असेल तर 'एस्तार'. मग मेलेल्या माणसाला 'एस्तार' का लावतात? मरण तात्पुरतं असतं का? चांगला प्रश्न होता. राऊत सर म्हणाले, "तो नियम इंग्रजीवाल्यांनं सोतासाठी करून ठेवला, फेकून दे. मानूस मुळातच कसा हाय, ते सेर. काय होऊन बसला, ते एस्तार. मरन मुळात नसते पोरी, मानूस मरून बसते." आणि फळ्यावर लिहिलं, पाको एस्ता मुएर्तो. पाको मेलेला आहे. वर्गाला वाटलं पाको हे पुस्तकातलं नाव. प्लायवूडच्या अलीकडे मला माहीत होतं तो कोण ते, आणि मी हातातला खडू खाली ठेवला.

मग पालक भडकले. घरोघरी मुलं जेवायला बसली की "मले वरण वाढ, तेन्गो आम्ब्रे" म्हणायला लागली होती. त्यातलं 'तेन्गो आम्ब्रे' कोणाच्या कानात शिरलं नाही, 'मले' तेवढं शिरलं! अन्विताच्या आईला घेरी यायची बाकी राहिली होती. "आम्ही फीस काय गावठी शिकायला भरतो का?" गावठी शिकवायला कशाला फी हवी, बाई, तुमच्या जिन्यात फुकट मिळते की. पण मी असं म्हणाले का? छे. गावंडेंनी मला केबिनमध्ये बोलावलं, "मॅडम, तुमचं इंग्लिश फर्स्ट क्लास आहे, पालकांच्या वतीनं एक लेटर ड्राफ्ट करून द्या," आणि मी दिलं. खुर्चीवर बसून, एका दमात. राऊत सरांची बोली ग्रामीण आहे, उच्चारांवर वाईट परिणाम होतो, व्यक्तिमत्त्व संस्थेला शोभत नाही, त्यांना इंग्रजीतून शिकवायला सांगावं नाही तर दुसरा शिक्षक बघावा. शेवटचं वाक्य तर मी दोनदा सुधारलं, कारण लय जमत नव्हती. माझे विद्यार्थी माझ्या तासाला जांभया देऊन त्यांच्या तासाला पळतात, हे मला खुपत होतं. कारण द्यायचं तर हेच.

पुढच्या शनिवारी बसमध्ये राऊत सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

"मॅडम, गावंडेनं हे देल्लं. इंग्रजीत हाय. मले चार शबुद समजले. वाचून सांगता का?"

माझंच पत्र. त्यांच्या हातात झेरॉक्स, खाली पालकांच्या सह्या. बस बोरगाव मंजूच्या अलीकडे होती. उतरता येत नाही, झोपेचं सोंग घेता येत नाही. मी वाचलं. एकेक वाक्य इंग्रजीत, मग मराठीत. 'ग्रामीण' या शब्दाचं 'गावाकडची लकब' केलं. 'शोभत नाही'चं 'थोडा बदल हवा' केलं. शेवटचं वाक्य, ज्याची लय मी दोनदा सुधारली होती, ते सांगितलंच नाही.

"एवढंच?" ते म्हणाले. "कागद तं भरेल दिसून राह्यला."

"इंग्रजीत असंच असतं सर. थोडक्यात सांगायचं ते लांबवून लिहितात."

"व्हय." त्यांनी कागद पुन्हा घडी करून चाकूच्या मागे ठेवला. "लिवनाऱ्याची इंग्रजी साफ हाय पन. नाई?"

मी हो म्हटलं. त्यांनी मला आलूबोंडा दिला, मूर्तिजापूरला घेऊन ठेवलेला, थंड झालेला. मी तो खाल्ला. अजून सांगते, खाल्ला.

गावंडेंनी अट घातली की दिवाळीआधी पालकसभेत राऊत सरांनी इंग्रजीतून एक तास घेऊन दाखवायचा. जमलं तर क्लास राहील. राऊत सर माझ्याकडेच आले. "मले शिकवा. क्लास सोडता येत नाई मले, तुमाले मालूम हाय." मला मालूम होतं. मी आठवडाभर शिकवलं. बारा वाक्यं लिहून दिली, त्यांनी देवनागरीत उतरवून घोकली. "गुड ईव्हनिंग, डिअर पेरेंट्स. सेर इज परमनंट. एस्तार इज टेम्पररी." तो नियम त्यांनी फेकून द्यायला सांगितलेला. मी म्हटलं, सर, इंग्रजीत सोपं करून सांगायचं तर हेच बरं. ते म्हणाले, "तुमी म्हनता तं."

सभा झकास झाली. खुर्च्या भाड्याच्या, गावंडेंचा टाय नवा. राऊत सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात चाकू नव्हता. बाराच्या बारा वाक्यं म्हटली. गळ्यात अडकलेलं काढावं तशी म्हटली, पण म्हटली. मग गावंडेंनी अन्विताला फळ्यापाशी बोलावलं, "बेटा, शो युवर पेरेंट्स." तिनं नवीन नियम ऐकलेला. मरण कायमचं. कायमचं म्हणजे सेर. खडू घेऊन तिनं झोकात लिहिलं, पाको एस मुएर्तो.

चूक. 'एस्ता' हवं, हे तिलाच तीन महिन्यांपूर्वी बरोबर येत होतं.

टाळ्या! काय त्या टाळ्या! एकाही पालकाला फळ्यावरचं अक्षर कळत नव्हतं, पण पोरगी लिहिते, मास्तर इंग्रजी बोलतो, म्हणजे पैसे वसूल. अन्विताची आई उभी राहून टाळ्या वाजवत होती. गावंडे माझ्याकडे बघून अंगठा दाखवत होते. राऊत सरांनी डस्टर उचललं. फळ्याकडे बघत राहिले. मग डस्टर खाली ठेवलं, पुसलं नाही, आणि पालकांना हात जोडले.

नोकरी वाचली. दुसऱ्या दिवशी ते गावंडेंना सांगून मोकळे झाले की येणार नाही. गावंडेंना कळेना. "अहो सर, तुम्ही पास झालात!" राऊत सर म्हणाले, "तेच तं. पोट्टीचं बरोबर होतं, ते म्या माह्या हातानं चुकवलं. आन् त्याच्यावर लोकायनं टाया वाजवल्या." एवढं बोलून चहासुद्धा न घेता जिना उतरले. गावंडे मला म्हणाले, "सेंटिमेंटल माणूस." पुढच्या महिन्यात त्यांनी नागपूरहून एक मुलगा आणला, इंग्रजी फाड फाड. मुलं पुन्हा 'मी भूक आहे' म्हणायला लागली आणि पालकांनी समाधानाचा सुस्कारा सोडला.

मला मात्र बसमध्ये खिडकीशी बसवेना. मूर्तिजापूर आलं की आलूबोंडेवाला दिसू नये म्हणून मासिक डोळ्यांपुढे धरायची. संक्रांतीच्या आठवड्यात एका रविवारी उठले आणि अंजनगावची गाडी धरली. का जाते आहे, काय बोलणार आहे, ठरवलं नव्हतं. इंग्रजीत एक दोन वाक्यं मनात तयार होत होती, ती मी मोडत होते.

नर्सरी गावाबाहेर, ओढ्याच्या कडेला. गुडघ्याएवढ्या जंबेरीच्या रोपांच्या ओळी, आणि ओळीत बसलेल्या सात-आठ बाया डोळे बांधत होत्या. राऊत सर वाकून चीर देत पुढे चालले होते, मागून बाया डोळा बसवून पट्टी आवळत होत्या. मी तारेच्या कुंपणापाशी थांबले. त्यांचा आवाज आला, "या एस्ता?"

झालं का, असं विचारत होते. स्पॅनिशमध्ये.

"या एस्ता, भाऊ!" एक म्हातारी मान वर न करता ओरडली. तिच्या पुढची म्हणाली, "नो, नो, अजून दोन हायेत," आणि त्यावर ते काही तरी लांबलचक बोलले, बाया खदखदून हसल्या, आणि एकीनं तितकंच लांब उत्तर दिलं. अर्धं वऱ्हाडी, अर्धं स्पॅनिश, कुठे सांधा दिसत नव्हता. या बायांनी ना फॉर्म भरला होता ना अ‍ॅप पाहिलं होतं, सरांनी क्लास सोडल्यापासूनच्या दोन-तीन महिन्यांत डोळे बांधता बांधता त्यांच्या तोंडून उचललेलं सगळं.

त्यांचं लक्ष गेलं. चाकू मिटत आले. "मॅडम! जेवल्या का?"

मी तोंड उघडलं. तयार केलेलं इंग्रजी गेलं, पुण्याचं मराठी गेलं. पंचवीस वर्षांत जे बोलले नव्हते ते बाहेर आलं.

"सर, ते पत्र म्या लिवलं होतं."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बोटावरचा डिंक पुसत होते.

"मालूम हाय," म्हणाले. "बसमधी वाचताना एकदा बी अडकल्या नाई तुमी. दुसऱ्याचं लिवलेलं मानूस अडकत वाचते."

मागून म्हातारीनं पुन्हा हाक दिली, ओळ संपली होती. त्यांनी चाकू उघडला आणि पुढच्या ओळीकडे वळले. जाता जाता म्हणाले, "नाई जेवल्या तं थांबा. बायायसंग बसा."